स्प्लेंडरला कोणते इंजिन बसेल, कोणते हेड बसणार नाही

कराडच्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९९८ ची स्प्लेंडर घरात उभी आहे. धूर मारते, हेडमधले (सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागातले) प्लगचे आटे गेलेत, क्रँकला (पिस्टनला वर-खाली नेणाऱ्या दांड्याला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. जुन्या बाजारात त्याला दोन माल दिसले. एक हिरो होंडाच्याच पॅशनचे अख्खे इंजिन, दुसरे त्यांच्याच मोठ्या सीबीझेडचे हेड, ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टन. विकणारा म्हणतो, "दोन्हीचा स्ट्रोक एकच, ४९.५. फक्त वरचा भाग बदल, शंभराची दीडशे होईल." शिवाय त्याचा मित्र पल्सर १५० ला १८० चा ब्लॉक चढवतोय, आणि खर्च वाचवायला हेड मात्र १५० चेच ठेवणार आहे. यातले काय चालेल आणि काय नाही?

उत्तर आधी देतो. पॅशनचे इंजिन तपासून घ्या. सीबीझेडचा माल तिथेच राहू द्या. आणि मित्राला आजच फोन करा, ब्लॉक बसवायच्या आधी.

आता कारणे. सांगलीत गॅरेज चालवून मला सव्वीस वर्षे झाली. त्यात या तीन प्रश्नांची वेगवेगळी रूपे दर महिन्याला समोर येतात.

सीबीझेडवाल्याची गंमत अशी की तो खोटे बोलत नाही. स्प्लेंडरचे ९७.२ सीसीचे इंजिन म्हणजे ५० मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ४९.५ मि.मी. स्ट्रोक. १९९९ च्या सीबीझेडचे १५६.८ सीसी म्हणजे ६३.५ बोअर आणि स्ट्रोक तोच ४९.५. कागदावर आकडा तंतोतंत जुळतो. पण स्ट्रोक म्हणजे क्रँकने पिस्टनला किती वर-खाली न्यायचे एवढेच. ब्लॉक कशावर बसतो, स्टड (ब्लॉक आणि हेड धरणारे लांब बोल्ट) किती अंतरावर आहेत, कनेक्टिंग रॉड किती लांब आहे, चेन कुठून वर जाते, यातले काहीही तो आकडा सांगत नाही. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला, सीबीझेडचा उभा. स्प्लेंडरचे चार स्टड पन्नासच्या बोअरभोवती अगदी खेटून आहेत. त्यांच्या मधून साडेत्रेसष्टचा लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), म्हणजे पिस्टन अधिक लायनरची जाडी, खाली उतरणारच नाही. दुकानात सीबीझेडचा ब्लॉक उलटा करून लायनरच्या शेपटीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा, मग घरी स्प्लेंडरच्या क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या पेटीचे) तोंड मोजा. दोन मिनिटांत वाद मिटतो. लेथवर तोंड मोठे करून घेऊ म्हणाल, तर स्टडच्या भोवती धातूच उरत नाही.

हाच मोह दुसऱ्या रूपातही येतो. सुपर स्प्लेंडरचा बोअर ५२.४, स्ट्रोक ५७.८, मिळून १२४.७ सीसी. कोणीतरी सांगतो, "स्प्लेंडरचा ब्लॉक ५२.४ ला बोअर कर आणि सुपरचा पिस्टन टाक." कंपनीचे ओव्हरसाइज पिस्टन पाव मि.मी.च्या पायरीने एक मि.मी. पर्यंत मिळतात, म्हणजे ५१ पर्यंत. तिथून पुढे लायनर पातळ होत जातो. ५२.४ म्हणजे प्रत्येक बाजूने १.२ मि.मी. खरवडणे. ते केलेच, तरी पिस्टनची खरी गोम वेगळीच: पिस्टन पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची. ती त्या-त्या इंजिनाच्या रॉड आणि ब्लॉकप्रमाणे ठरलेली असते. परका पिस्टन टाकला की माथा एकतर ब्लॉकच्या कडेच्या वर येऊन हेडला टेकतो, नाहीतर खाली राहून कॉम्प्रेशन खातो. पिनची जाडीही बघावी लागते. स्प्लेंडरची पिन १३ मि.मी.ची. जाड पिनचा पिस्टन आणला आणि "रॉडचा बुश रीम करून घेतो" असे कोणी म्हणाले, तर पिस्टन परत करा आणि लेथवालाही बदला.

मग पॅशनचे का चालते? कारण ते त्याच घरातले आहे. १९८५ ची सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, २००१ ची पॅशन, नंतरच्या सीडी डॉन आणि सीडी डीलक्स, या सगळ्यांच्या पोटात तेच ५० बाय ४९.५ चे आडवे इंजिन. याचे मूळ होंडाच्या कबमध्ये. सुपर कब १९५८ ची. तिचे पहिले इंजिन पुशरॉडचे होते, ओव्हरहेड कॅमची आवृत्ती पुढे आली. पण आडवा सिलिंडर हा घराण्याचा चेहरा तेव्हापासूनचा. चीनमध्ये बनणारी ११० ची आडवी इंजिने याच वळणाची, ५२.४ बाय ४९.५. पाकिस्तानातली सीडी ७० चुलत बहीण म्हणायची, पण तिचे ४७ बाय ४१.४, त्यामुळे तिथे नात्यापलीकडे काही जुळत नाही. घर एक म्हणून सगळे अंगाला बसते असे समजू नका. घर एक असेल तर मोजायला सुरुवात करण्यात अर्थ आहे, इतकेच.

स्प्लेंडर आणि पॅशन दोघींची चेसी डबल क्रेडल, म्हणजे इंजिनाला दोन नळ्यांच्या पाळण्यात धरणारी. त्यामुळे इंजिन माउंटिंगच्या बोल्टांवर सरळ येते. सीडी १०० ची चेसी वेगळ्या जातीची, तिथे पुढच्या माउंटिंगकडे बघूनच पैसे द्यावेत. इंजिन टांगल्यावर पहिले काम चेन लाइन. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या कडेला एक सरळ पट्टी लावा. पट्टी दोन्ही दातांना सारखी टेकली पाहिजे. चेन ४२८ ची, तीच राहते. गियर लिव्हर, किक, सायलेन्सरचा बेंड पाइप, क्लच केबल, यात फार डोके लावावे लागत नाही.

डोके लागते ते वायरिंगमध्ये. इथे माझा एकच नियम आहे. मॅग्नेट, कॉइल प्लेट आणि सीडीआय (स्पार्क कधी पडायचा ते ठरवणारी डबी) हे तिघे एकाच गाडीचे ठेवा. पॅशनचे इंजिन सेल्फस्टार्टचे असेल किंवा नंतरच्या वर्षाचे असेल, तर तिचा सीडीआय बॅटरीवर चालणारा असू शकतो. तुमच्या ९८ च्या गाडीचा मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. बाहेरून प्लग सारखा दिसला म्हणून जोडलात तर दोन गोष्टी होतात. एकतर स्पार्कच येत नाही आणि माणूस तीन दिवस कार्बोरेटर साफ करत बसतो. नाहीतर स्पार्क येतो पण ॲडव्हान्स, म्हणजे स्पार्कची वेळ, चुकतो, गाडी चालू होते आणि चढाला गुदमरते. सोपा उपाय: तुमचे जुने मॅग्नेट आणि कॉइल प्लेट ठीक असेल, तर तेच पॅशनच्या क्रँकवर चढवून बघा. टेपर आणि चावी जुळली की जुने वायरिंग जसेच्या तसे राहते. कार्बोरेटरही तुमचाच ठेवा. २०२० च्या एप्रिलनंतरचे बीएस ६ चे इंजिन मात्र कोणी फुकट दिले तरी जुन्या स्प्लेंडरसाठी घेऊ नका. ते फ्यूल इंजेक्शनचे आहे. पंप, सेन्सर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), सगळा संसार सोबत आणावा लागतो.

जुन्या बाजारात इंजिन बघताना किक मारून "कॉम्प्रेशन मस्त आहे" यावर जाऊ नका. विकणारे प्लगच्या भोकातून थोडे जाड तेल ओततात. रिंगा गेलेल्या इंजिनालाही त्या दिवसापुरते कॉम्प्रेशन येते. प्लग काढा आणि बोट आत फिरवा. ओले तेल लागले तर समजा. मग मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. वर-खाली अजिबात हलता कामा नये. आडवे किंचित सरकले तर चालते. दोन्ही टॅपेटची झाकणे काढून टॉर्च मारा. रॉकरचे (वॉल्व दाबणाऱ्या हाताचे) तोंड गुळगुळीत हवे, चंद्रासारखे खड्डे दिसले की कॅम गेलेला असतो. तेलाचा बोल्ट सोडून थोडे तेल तळहातावर घ्या आणि उन्हात धरा. ॲल्युमिनिअमची चमक दिसली तर परत फिरा. कव्हरच्या बोल्टांची डोकी घासलेली असतील, तर हे इंजिन आधी कोणीतरी घाईत उघडलेले आहे. एवढे करूनही इंजिन घरी आले की क्लच कव्हर काढाच. आत तेल गाळणारी फिरती वाटी असते, तिच्यात वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसलेला असतो. ती वाटी आणि तळाची जाळी धुतल्याशिवाय ते इंजिन एक मिनिटही चालवू नका.

आता हेड. तुमच्या प्लगचे आटे गेलेत म्हणून तुम्ही हेडच शोधायला निघालात. थांबा. स्प्लेंडरचा प्लग १० मि.मी.च्या आट्याचा. त्यात आट्याची नवी स्प्रिंग किंवा बुश बसवणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे. क्रँकच गेला नसता, तर मी तुम्हाला इंजिन बदला असे कधीच म्हटले नसते. हेड चांगले असेल तर दुरुस्त करा आणि जुन्या ब्लॉकसकट जपून ठेवा. उद्या पॅशनच्या हेडला काही झाले तर हेच उपयोगी पडेल.

पण समजा हेड बदलायचेच आहे. मग ते टेबलावर ठेवून आधी त्याची परीक्षा घ्या. वॉल्व बसवलेले असताना इनलेटच्या तोंडात रॉकेल ओता आणि पाच मिनिटे थांबा. चेंबरच्या बाजूने वॉल्वच्या कडेला ओल दिसली तर सीट लॅपिंग, म्हणजे घासून बसवणे, मागते. मग एक्झॉस्टच्या तोंडात. नंतर हेडची सपाट बाजू जाड काचेवर ठेवा आणि ०.०५ मि.मी.चे फीलर पान (फट मोजायची पातळ पट्टी) चारही बाजूंनी घालून बघा. पान आत गेले तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणे, करावे लागणार. फेसिंगवाल्याला "थोडे उतरव" असे सांगू नका, आकडा सांगा. का, ते हिशेबाने दाखवतो. स्प्लेंडरचे कॉम्प्रेशन ९ ला १ धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ९७.२ भागिले ८, म्हणजे सुमारे १२.१५ सीसी. हेड अर्धा मि.मी. उतरवले तर पन्नासच्या बोअरवर सुमारे एक सीसी जागा कमी होते. उरले ११.१७. कॉम्प्रेशन झाले ९.७. कागदाच्या पाचेक थरांएवढे घासले आणि गाडीचा स्वभाव बदलला. वर आणखी एक गोष्ट. हेड खाली आले की कॅम क्रँकच्या जवळ येतो, टायमिंग चेन सैल पडते, टेन्शनर ती ओढून घेतो आणि वॉल्वचे टायमिंग किंचित मागे जाते. म्हणून माझ्याकडे सपाटीपुरतेच फेसिंग होते, त्याहून जास्त नाही.

हेडच्या बाबतीत माझा स्वतःचा एक घोळ सांगतो, कारण तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. साल २००३. वाळव्याकडचे एक दूधवाले काका, सीडी १००, मागे दोन मोठ्या किटल्या. हेडचा कॅम गेलेला. मी स्प्लेंडरचे चांगले हेड लावून दिले. बोल्ट बसले, चेन बसली, आवाज सुंदर. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काका गाडी ढकलत आले. हेड उघडले तर कॅम बेअरिंगच्या जागी निळा पडलेला, हेडच्या जर्नलमध्ये ॲल्युमिनिअम ओरखडलेले. तेल वर पोचलेच नव्हते. होंडाच्या या आडव्या घराण्यात तेल स्टडच्या भोवतीच्या वाटेने हेडमध्ये चढते. मी बाजारातले जे पॅकिंग घातले होते, त्याचे तेलाचे भोक अर्धेच उघडत होते. त्यातून मी पॅकिंगवर सिलिकॉनही चोपडले होते, पाझरू नये म्हणून. उरलेले भोक सिलिकॉनने बुजवले. पॅकिंग ब्लॉकवर कोरडे ठेवून उजेडाकडे धरले असते, तर दहा सेकंदांत दिसले असते. दुसरे हेड माझ्या पैशाने. काकांचे त्या दिवसाचे दूध नासले त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासूनची सवय अशी: पॅकिंग आधी ब्लॉकवर, मग हेडवर कोरडे ठेवून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी बघायचे. त्या तेलाच्या स्टडच्या नटाखाली तांब्याचा वायसर असतो, तो ज्या स्टडचा त्याच स्टडवर जायला हवा. इंजिन बांधून झाले की टॅपेटची झाकणे उघडी ठेवायची, प्लग काढायचा आणि किक मारत राहायचे. रॉकरवर तेल आलेले डोळ्यांनी दिसले की मगच झाकणे लावायची. वीस-तीस किक लागतात. पायाला व्यायाम.

टायमिंगचे सांगायलाच नको, तरी सांगतो. मॅग्नेटवरची टी ची रेघ कव्हरच्या खुणेसमोर, आणि कॅम स्प्रॉकेटवरचा गोल हेडच्या खाचेसमोर. दोन्ही एकाच वेळी. मग इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पुन्हा बघा. एका दाताचा फरक राहिला तर गाडी चालू होते, हाच धोका. पिकअप जातो, ॲव्हरेज पडते, आणि मालक म्हणतो, "नवे इंजिन आणले ते बोगस निघाले."

मित्राच्या पल्सरकडे वळतो, कारण तिथे पैसा जास्त जाणार आहे.

पल्सर १५० चे मूळ माप ५७ बाय ५६.४, म्हणजे १४३.९ सीसी. १८० चे ६३.५ बाय ५६.४, म्हणजे १७८.६. २०० डीटीएसआय चे ६७ बाय ५६.४, म्हणजे १९८.८. इथे स्ट्रोकही एक आणि घरही एक. त्यामुळे हा प्रयोग वेडेपणाचा नाही, लोक करतात. नंतरच्या १५० चा बोअर ५८ झाला आणि गाडी १४९ सीसीची झाली, म्हणजे "पल्सर १५०" एवढे सांगून पार्ट मागणारा आधीच चुकलेला असतो. वर्ष सांगा, बोअर सांगा. सगळ्यात आधी १८० च्या ब्लॉकची शेपटी तुमच्या केसच्या तोंडात जाते का ते मोजा. जात नसेल तर केस उकलून तोंड बोअर करावे लागेल. ते काम इंजिन चेसीत ठेवून होत नाही, आणि बोअरिंगचा कीस बेअरिंगमध्ये गेला की सगळे काम पाण्यात.

ब्लॉक बसला असे धरू. आता हेड १५० चेच ठेवायचे म्हणतो. हिशेब करा. समजा १५० चे कॉम्प्रेशन ९.५ आहे. उरणारी जागा १४३.९ भागिले ८.५, म्हणजे जवळजवळ १६.९ सीसी. त्याच जागेवर १७८.६ सीसीचा पिस्टन चढवला, तर कॉम्प्रेशन साडेअकराच्या पुढे जाते. हवेवर थंड होणारे इंजिन, पंपावरचे साधे पेट्रोल, आपल्याकडचा मे महिना. चढाला टिकटिक सुरू होईल आणि काही दिवसांत पिस्टनचा माथा पोखरला जाईल. पिस्टनच्या माथ्याचा आकार वेगळा असेल तर आकडा थोडा सरकेल, पण दिशा तीच. शिवाय १५० चे चेंबर ५७ च्या मापाचे. खालचा बोअर ६३.५. सगळीकडून सव्वातीन मि.मी.ची कड आत येते. वर १५० चेच पॅकिंग वापरले, तर त्याची आतली कड बोअरमध्ये लोंबकळते. ती लाल होते आणि प्लगच्या आधी तीच पेट्रोल पेटवते.

कोणी म्हणेल, मग उलटे करू, १८० चे हेड १५० च्या ब्लॉकवर. १८० चेही कॉम्प्रेशन ९.५ धरले, तर उरणारी जागा २१ सीसी, पिस्टन १४३.९ चा. कॉम्प्रेशन ७.८५. गाडी मऊ चालेल, ओढणार नाही, पेट्रोल पिईल. म्हणून मित्राला सांगा: ब्लॉक, पिस्टन, हेड, पॅकिंग आणि कार्बोरेटर, पाचही १८० चे. नाहीतर १५० चेच चांगले बांधून घ्यावे. आणि १८० चे हेड दोन प्लगचे असेल, त्याची गाडी २००३ च्या आधीची एका प्लगची असेल, तर दुसऱ्या प्लगसाठी कॉइल आणि त्याला साजेसा सीडीआय आणावा लागेल. दुसरे भोक जुना प्लग लावून बुजवून टाकणारे मी पाहिलेत.

एवढे करूनही पहिल्यांदा हेड आवळण्याआधी मातीची परीक्षा घ्या. मुलांची खेळायची रंगीत माती मिळते ती. नसेल तर घट्ट मळलेली कणीक चालते, मी चालवली आहे. पिस्टनच्या माथ्यावर वॉल्वच्या खळग्यांत आणि कडेला मातीच्या पट्ट्या लावा, वरून तेलाचा हात फिरवा म्हणजे चिकटणार नाही. हेड जुन्या पॅकिंगवर ठेवून नट मापाने आवळा, टायमिंग लावा, आणि इंजिन हाताने, किकने नव्हे, दोन फेरे फिरवा. कुठे अडले तर जोर लावू नका, तिथेच उत्तर मिळाले. अडले नाही तर हेड काढा आणि ब्लेडने माती कापून सगळ्यात पातळ जागा मोजा. इनलेटच्या वॉल्वखाली दीड मि.मी., एक्झॉस्टखाली दोन, आणि कडेला पिस्टन व हेडमध्ये एक मि.मी. राहिला की मला झोप लागते. चेंबर मोजायचे असेल तर दहा मिलीची इंजेक्शनची सिरिंज पुरते. हेड उलटे ठेवा, प्लग लावा, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी ठेवा, आणि रॉकेल सोडत मोजा.

हे सगळे लोकांना जास्तीचे वाटते त्याला कारण यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स. आमच्या कोल्हापूर-सांगलीत दोन पिढ्या आरएक्स १०० वर हात बसवून मोठ्या झाल्या. ५० बाय ५०, ९८ सीसी. आरएक्स १३५ म्हणजे ५८ बाय ५०. टू-स्ट्रोकचे हेड म्हणजे खरोखरच झाकण. त्यात ना वॉल्व, ना कॅम, ना तेलाची वाट. चार नट सोडले की हातात. जुगाड करावा तो पोर्टमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये. तिथेही ब्लॉकखाली एक पॅकिंग जास्त घातले की सगळे पोर्ट वर सरकतात आणि गाडीचा आवाज बदलतो, हे जाणते लोक जाणतात. पण ज्याने त्या झाकणावर हात शिकला, तो फोर-स्ट्रोकच्या हेडलाही झाकणच समजतो. फोर-स्ट्रोकमध्ये निम्मे इंजिन हेडात असते.

कागदपत्रांचे बोलू, कारण इथे तुमच्या दोघांचे मार्ग वेगळे होतात. हेड किंवा ब्लॉक त्याच मापाचा बदलला, तर ती दुरुस्ती झाली. इंजिन नंबर खालच्या केसवर असतो, तो हलत नाही. पण मित्राची १५० जर १८० झाली, तर आरसी बुकातले सीसी आणि गाडीतले सीसी वेगळे होतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नेमके यालाच मनाई करते: नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयते कारण मिळते. हौसेची गाडी शेतात किंवा ट्रॅकवर चालवा, रस्त्यावर आणू नका.

तुमचे पॅशनचे इंजिन सीसीने तेच आहे, पण त्याचा नंबर वेगळा. त्यामुळे आरटीओत कळवून आरसीवर तो चढवून घ्यावा लागतो. इंजिन बदलल्यापासून कळवायची मुदत कायद्यात चौदा दिवसांची आहे. आमचा सल्ला असा की आधी आरटीओत विचारून, काय कागद लागतील ते लिहून आणून, मग इंजिन उचलावे. विकणाऱ्याकडून बिल घ्या आणि ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या आरसीची प्रत मागा. विकणारा ती देत नसेल, किंवा केसवरचा नंबर घासलेला दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पोलीस तुमच्या दारात येतील, त्याच्या नाही.

इंजिन चढल्यावर पहिला दिवस. तेल नवे घाला, चालू करा, पाच मिनिटे मंद चालू द्या, बंद करून पूर्ण गार होऊ द्या. गार इंजिनावर टॅपेट पुन्हा फीलरने लावा. पहिले ३०० किलोमीटर एकट्यानेच चालवा, मागे कोणी नको, आणि एकाच वेगाला धरून ठेवू नका. मग तेल बदला. त्या जुन्या तेलात बारीक करडी भुकटी दिसली तर घाबरू नका, रिंगा बसताहेत. तुकडे दिसले तर गाडी उभी करा. हेडचे नट त्याच दिवशी गार असताना टॉर्क रेंचने तपासा, कर्णाच्या क्रमाने, एकदम नाही.

आणि हो, वडिलांचे जुने इंजिन भंगारात घालू नका. त्या केसवर तुमच्या आरसीतला नंबर आहे. पुढे कधी चांगला क्रँक मिळाला तर तेच इंजिन पुन्हा बांधता येते, आणि मग आरटीओची पायरी पुन्हा एकदा चढून गाडी होती तशी होते.